हरणं पाहायची, पण लांबून

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच पालटतो. एरवी लोणच्याला बुरशी का आली, मुलाच्या दप्तराचे बंद कसे शिवावेत, असले प्रश्न असतात. पण ऑक्टोबर उजाडला की सगळ्यांचा प्रश्न एकच, "मुलांना न्यावं कुठं?" गेवराईच्या एका मैत्रिणीनं तर वैतागून लिहिलंय, "मुलं दिवसभर मोबाइलला चिकटलेली असतात. पुण्या-मुंबईच्या मुलांना बागा आहेत, प्राणिसंग्रहालयं आहेत. आपल्या बीड जिल्ह्यात दुष्काळाशिवाय मुलांना दाखवण्यासारखं आहे तरी काय?"

पत्र वाचून मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली. कारण लग्न होऊन बीडला आले तेव्हा मीही हेच म्हणायची. बारा वर्षं मी इथं संसार केला आणि आपल्या उंबऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर हरणं चरतात, हे मला माहीत नव्हतं. ते कळलं दोन वर्षांपूर्वी, वसुबारसेच्या आधीच्या रविवारी. त्या दिवसाची हकिगत आज सांगते. मुलांना घेऊन जायचं तर काय तयारी करावी तेही ओघानं येईलच.

आधी एक गैरसमज दूर करू. हरीण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं घनदाट जंगल उभं राहतं. पण आपल्याकडची हरणं दाट झाडीतली नव्हेत, ती माळरानावरची. त्यांना मोकळं रान लागतं, लांबवरचं दिसायला हवं आणि धोका दिसला की धावायला जागा हवी. बालाघाटाच्या डोंगररांगा, मुरमाड माळ, खुरटी बाभळ आणि बोरी, मधूनच ज्वारीची आणि तुरीची शेतं. आपण ज्याला "उजाड" म्हणतो, ते त्यांचं भरलेलं घर. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. ते १९९४ साली जाहीर झालं आणि जवळजवळ ३० चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना त्या बाजूला वळता येतं. नाव मोरांचं असलं तरी चिंकाराही तिथं राहतो. आष्टीकडच्या मैत्रिणींना शेजारच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी सोयीचं पडेल. ते खास काळविटांसाठी १९८० साली राखलेलं अभयारण्य. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे, पण काळवीट दिसण्याची आशा तिथं चांगली.

आता तयारी. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. हरणं दिसतात ती सकाळी कोवळ्या उन्हात, नाहीतर संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी ती सावलीला बसून रवंथ करतात. म्हणजे "सावकाश जेवून निघू" हा आपला नेहमीचा बेत इथं चालत नाही. आम्ही पहाटे साडेचारला उठलो. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पहाटे काकडआरतीला कधी उठली नाहीस, आणि हरणांसाठी उठलीस!" मी आपली गप्प राहिले. खरंच होतं ते.

डबा रात्रीच करून ठेवावा. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि काकड्या. दशमी दिवसभर चांगली राहते, ती खाताना ताट लागत नाही आणि हातही फारसे खरकटे होत नाहीत. कुरकुरीत पुडक्यांचे जिन्नस मात्र नेऊ नका. पुडकं फोडल्याचा आवाज माळावर किती लांब जातो, हे मी आमच्या थोरल्याच्या कृपेनं अनुभवलंय! पाणी घरचंच घ्या आणि माणशी दोन बाटल्या धरा. कपडे खाकी, मातकट, हिरवे असे मळखाऊ रंगाचे असावेत. मी हौसेनं नवी राणी रंगाची साडी नेसले होते, तर "हे" म्हणाले, "हरणांना तू पाटोद्याहूनच दिसशील." मुकाट्यानं बदलली. मुलांच्या पायांत बूट आणि लांब विजारी घाला. त्या दिवसांत गवताला कुसळं धरलेली असतात. ती मोज्यांत घुसली की मूल रडकुंडीला येतं आणि सहलीचा विचका होतो. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याच्या माणसांना भेटून, कुठवर जायचं, वाहन कुठं लावायचं, हे विचारून घ्यावं. ती माणसं जागा चांगल्या दाखवतात, असा माझा अनुभव आहे.

आणि सगळ्यांत अवघड तयारी म्हणजे मुलांना गप्प बसवणं! रागावून ते होत नाही. आम्ही एक खेळ केला. बोलायचं नाही, नुसत्या खुणा करायच्या. मोर दिसला तर हात डोक्यावर, हरीण दिसलं तर दोन बोटं कानांशी. जो आधी बोलेल त्यानं परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या बाटल्या उचलायच्या. नऊ वर्षांचा थोरला आणि सहा वर्षांची धाकटी, दोघं इतकी चिडीचूप बसली की मीच दोनदा हरले.

पहिला तास काहीच दिसलं नाही. एक मोर दिसला, पण त्याला पिसाराच नव्हता. धाकटीचा चेहरा पडला. मी तिच्या कानात सांगितलं, "पावसाळा सरला की मोराची पिसं गळतात, पुन्हा नवी येतात." मग एकाएकी "ह्यांनी" माझं मनगट दाबलं. शंभर-दीडशे पावलांवर, वाळत आलेल्या गवताच्या रंगाचंच काहीतरी हललं. नीट बघितलं तर दोन चिंकारे. आपल्या शेळीएवढाच जीव, वजन असेल वीस-पंचवीस किलो. पोट पांढरं, शेपटी काळी आणि ती शेपटी सारखी हलती. त्यातल्या एकानं पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि चक्क शिंकल्यासारखा आवाज केला. थोरल्याला हसू आवरेना. पण ती शिंक सर्दीची नव्हे. "सावध व्हा, माणसं आलीत" असा तो इशारा असतो. दुसऱ्या क्षणी दोघंही चार उड्यांत तुरीच्या शेतात दिसेनाशी झाली.

एवढं झालं आणि खेळ मोडला. मुलांच्या प्रश्नांची नुसती सरबत्ती! तुमचीही मुलं विचारतील म्हणून उत्तरं देऊन ठेवते.

"शिंगं गळतात का गं?" चितळ आणि सांबर यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात. त्यांना सारंग म्हणतात. चिंकारा आणि काळवीट यांची शिंगं गाई-म्हशींसारखी जन्मभराची असतात. आत हाड आणि वर खोळ. त्यांना कुरंग म्हणायचं. बोलताना आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, त्याला हरकत नाही.

"नर कोणता, मादी कोणती?" काळविटात ओळखणं सोपं. नराची शिंगं पिळदार आणि पाठ वयाबरोबर काळी होत जाते. मादी बदामी रंगाची, तिला बहुधा शिंगं नसतात. चिंकाऱ्यात मादीलाही शिंगं असतात, पण बारीक आणि आखूड.

"पाणी कुठं पितात?" मिळालं तर पितात. पण चिंकारा बरेच दिवस पाण्यावाचून काढू शकतो. पाल्यातला ओलावा आणि पहाटेचं दंव यांवर त्याचं भागतं. हे ऐकून थोरला म्हणाला, "म्हणजे बीडचाच आहे तो!" नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या गावातल्या मुलाला हे बरोबर कळलं.

उन्हं वर आल्यावर आम्ही परत फिरलो. एका बांधावर हरभऱ्याची राखण करीत बसलेले एक आजोबा भेटले. मुलांनी उत्साहानं हरणांची हकिगत सांगितली. आजोबा हसले, म्हणाले, "तुमाला कवतिक हाय लेकराहो. आमच्या हरभऱ्याचे शेंडे रातीतून खुडून खात्यात, मग आमाला जागावं लागतं." मुलं गप्प झाली. ही गोष्टही मुलांनी ऐकायला हवी, असं मला वाटतं. आपल्या करमणुकीचा भार कुणाच्या तरी शेतावर पडतो. हरणांनी पिकाचं नुकसान केलं तर सरकारी भरपाई आहे, वनखात्याकडे लगोलग अर्ज करून पंचनामा करून घ्यावा लागतो. पण कागद हलेपर्यंत रात्री जागायच्या त्या शेतकऱ्यालाच. आजोबांच्या शेतातून आडवं न जाता आम्ही बांधाबांधानं निघालो.

आणि तिथंच ते घडलं.

धाकटी पुढं होती. एका बोरीच्या झुडपाजवळ ती थबकली आणि दोन बोटं कानांशी नेऊन उभी राहिली. मी जवळ जाऊन पाहिलं तर गवतात, माझ्या पायापासून पाच-सहा पावलांवर, एक पाडस. पाय पोटाशी दुमडलेले, मान जमिनीला टेकलेली, कान मागं पाडलेले. हलत नाही, ओरडत नाही. नुसते मोठे काळे डोळे. आधी मला वाटलं, मेलंच की काय. मग पोटाशी बारीकशी धाप दिसली.

धाकटीचे डोळे भरून आले. "आई, ह्याची आई ह्याला टाकून गेली. आपण घरी नेऊ या ना. मी दूध पाजीन." थोरला ओढणी मागायला लागला, गुंडाळून न्यायला. आणि मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, माझेही हात पुढं झाले होते. एवढासा जीव, एकटा, वर घारी घिरट्या घालतायत. कुठल्या आईला राहवेल?

मागून आजोबांची हाक आली. "बाई, हात नगा लावू त्येला. टाकलेलं न्हाई ते. त्येची माय हितंच हाय कुठंतरी. तुमी हलल्याबिगर ती यायची न्हाई."

आजोबांनी आम्हाला पार लांब, एका लिंबाच्या आडोशाला नेऊन बसवलं. दशम्या सोडल्या, त्यांनाही दिल्या. अर्धा तास गेला, पाऊण गेला. धाकटी दशमीला हात लावीना. ती नुसती त्या बोरीकडे टक लावून बसली होती. मीही मनातून घाबरले होते. आली नाही तर? आणि मग तुरीच्या कडेला शेपटी हलली. चिंकाऱ्याची मादी. चार पावलं टाकायची, थांबायची, वारा हुंगायची. सरळ बोरीकडे आलीच नाही, लांबून वळसा घेत घेत आली. जवळ आली तशी ते इतका वेळ दगडासारखं पडलेलं पाडस टुणकन उठलं आणि तिच्या पोटाखाली शिरलं. शेपटी अशी हलत होती म्हणता!

धाकटी हळूच म्हणाली, "सापडली."

नंतर मी याबद्दल वाचलं. चिंकारा काय, काळवीट काय, माळावरच्या हरणांची ही रीतच आहे. जन्मल्यावर काही दिवस पाडसाला कळपाबरोबर पळता येत नाही. म्हणून आई त्याला गवतात लपवते आणि आपण दूर चरते. पाडसाचा रंग गवतात मिसळून जातो आणि ते निपचित पडून राहतं. आई सतत जवळ राहिली तर लांडग्या-कोल्ह्यांना तिच्या मागोमाग पाडसाचा पत्ता लागेल. दिवसातून काही वेळा ती येते, पाजते आणि पुन्हा दूर जाते. म्हणजे तिचं दूर राहणं हीच तिची राखण. आपल्याला ते "टाकलेलं" दिसतं, आणि दयेनं उचलून नेणारी माणसं त्याला खरंखुरं पोरकं करतात. उचललेलं पाडस पुष्कळदा भेदरूनच दगावतं. गाईचं दूध त्याला मानवत नाही, हगवण लागते. जगलंच, तर माणसाळलेलं हरीण पुन्हा रानात जगू शकत नाही.

शिवरात्रीला आपण व्याधाची आणि हरिणीची कथा ऐकतो. परळी वैजनाथ ज्या जिल्ह्यात, तिथल्या बायकांना ती नव्यानं सांगायला नको. "पाडसांना भेटून येते, मग मार" असं सांगून ती हरिणी जाते आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे परत येते. इतकी वर्षं ऐकली, पण ती परत येण्याचं कौतुक वाटायचं. पाडसं रानात एकटी होती आणि ती त्यांच्यापासून दूर होती, तरी ती आईच होती, हे कधी मनात आलं नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको, असं झालं होतं. पण या पानावर मी तुमच्यापासून कधी काही लपवलेलं नाही.

त्या सहलीच्या आठ दिवस आधी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "ताई, भाऊबीज झाली की आमी कारखान्याला चाललो." आपल्या जिल्ह्यातल्या घराघरातली ही गोष्ट. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ऊस तोडायला पाच-सहा महिने परमुलखात. मी विचारलं, "आणि मुलगी?" तर म्हणाल्या, "आजीपाशी ठेवते." त्यांची मुलगी सात वर्षांची, माझ्या धाकटीहून एका वर्षानं मोठी. मी पटकन बोलून गेले, "एवढंसं लेकरू टाकून कसं गं जाववतं तुला?" बाई काही बोलल्या नाहीत. कढईचा तळ घासत राहिल्या. मी आपली आत निघून गेले, आणि मनात म्हटलं, काय बाई एकेकीचं काळीज!

त्या लिंबाखाली बसले असताना तो शब्द मला आठवला. "टाकून." माझ्या लेकीनं हरिणीबद्दल तोच शब्द वापरला होता. ती सहा वर्षांची होती, तिला माहीत नव्हतं. मला काय कारण होतं?

वसुबारसेला संध्याकाळी शेजारच्यांच्या गाय-वासराची पूजा करून आले, तर बाई दारात उभ्या होत्या. मी त्यांना आत बसवलं, चहा केला. म्हटलं, "त्या दिवशी मी चुकीचं बोलले. मनावर घेऊ नका." बाई जरा वेळ कपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, दोन साल नेली व्हती तिला फडावर. उसाच्या पाचटात निजायची, पहाटंच्या थंडीत गाडीवर. शाळा बुडाली ती बुडालीच. औंदा तिला पयलीत बसवलीया. न्यायचं मलाबी वाटतंय, पर नेली तर ती बी कोयताच धरंल." एवढंच बोलल्या आणि कप विसळायला उठल्या.

मी फराळाचे दोन डबे भरले. एक त्यांच्या वाटेसाठी, एक मुलीसाठी आजीकडे द्यायला. फार काही केलं नाही. पण त्या हिवाळ्यात दोन-तीनदा "हे" त्या गावाकडे कामाला गेले, तेव्हा मुलीच्या शाळेत डोकावून आले. धाकटीनं तिला चित्रं काढून पाठवली, सगळी हरणांची! गुढीपाडव्याच्या सुमारास बाई परत आल्या, तेव्हा मुलगी दुसरीत जायच्या तयारीत होती.

असो. सहलीच्या गोष्टीत मी कुठल्या कुठे गेले. निघण्याआधी एवढं मात्र लक्षात ठेवा:

हरणांपासून दोनशे पावलं तरी लांब राहा. दुर्बीण असली तर उत्तम, उसनी आणली तरी चालेल. मोबाइलवर फोटो काढण्यासाठी पाठलाग करू नका. भेदरून पळालेलं हरीण कुंपणात किंवा विहिरीत पडतं.

घरचं कुत्रं सोबत नेऊ नका. मोकाट कुत्रीसुद्धा हरणांची मोठी वैरी आहेत, ती मागं लागली तर हाकलून द्या.

खायला काही टाकू नका. उरलेलं, प्लॅस्टिकसुद्धा, पिशवीत घालून परत आणा.

पाडस दिसलं तर हात न लावता, आल्या पावली लांब व्हा. जखमी दिसलं, किंवा जवळ मेलेली आई दिसली, तरच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला "सर्पराज्ञी" हे जखमी नि पोरक्या वन्यप्राण्यांचं केंद्र आहे, त्यांनाही कळवता येतं. स्वतः घरी मात्र आणू नका. १९७२ च्या कायद्यानं चिंकारा आणि काळवीट या दोघांनाही पहिल्या प्रतीचं संरक्षण आहे. शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि हौसेनं पाळणंही गुन्हाच.

आणि शेवटचं. पहिल्या खेपेला हरीण दिसलंच नाही तर मुलांवर किंवा नवऱ्यावर चिडू नका! दशम्या खा, माळावरचा वारा खा, मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घ्या आणि घरी या. माळ कुठं जात नाही.

आमची धाकटी आता आठ वर्षांची आहे. परवा मी बाजारातून यायला उशीर केला, तर शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "आई टाकून गेली वाटतं तुला?" ती पायरीवर बसून पेरू खात होती. म्हणाली, "नाही. ती चरायला गेलीये."

पुढच्या आठवड्यात चकल्या मऊ का पडतात, ते पाहू.